साताऱ्यात राहून नव्वद लाखांपर्यंतची एसयूव्ही : डिझेल घ्यावी की पेट्रोल?

ठोसेघर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी साताऱ्यात डोळ्यांचा डॉक्टर. सध्या २०१२ ची डिझेल स्विफ्ट वापरतो. १ लाख ६२ हजार किमी झाले, एकदा क्लच बदलला, बाकी काही त्रास नाही. मुलगी नोकरीला लागली, घराचं कर्ज फिटलं. पन्नाशी गाठायच्या आत एकदा मनासारखी गाडी घ्यायची आहे. सगळा कर, विमा धरून ९० लाखांच्या वर जायचं नाही. मर्सिडीजची जीएलसी आणि बीएमडब्ल्यूची एक्स३ अशा दोन बघून आलो. दोन्हींत डिझेल आणि पेट्रोल दोन्ही मिळतात, आणि इथंच घोडं अडलंय.

वापर असा : घर शाहूपुरीत, दवाखाना पोवई नाक्याजवळ, अंतर साडेतीन किमी. दुपारी जेवायला घरी येतो, म्हणजे रोज चार फेऱ्या. महिन्यातून दोनदा पुणे. वर्षातून एखादं कोकण. वर्षाचे १२ हजार किमी धरा.

सेल्समन म्हणतो, "सर, आता डिझेल कोण घेतंय?" मेव्हणा म्हणतो, एवढं धूड ओढायचं तर डिझेलच पाहिजे. सौ. म्हणते, रंग मी ठरवणार, बाकी तुमचं तुम्ही बघा. अनुभवी लोकांनी बोलावं.

भडंग

नव्वद लाखांची गाडी घेऊन ॲव्हरेज विचारणारा माणूस म्हणजे शंभर टक्के आपला माणूस.

द्राक्षबाग

डॉक्टरसाहेब, गाडी कुठली पण घ्या. स्विफ्ट विकणार आहे का तेवढं सांगा. तासगावला गिऱ्हाईक तयार आहे. (मीच.)

घाटमाथा

डिझेल. डोळे झाकून. (तुम्ही डोळ्यांचे डॉक्टर आहात, पण तरी झाका.)

कागदावर जीएलसीचं पेट्रोल इंजिन जोरात दिसतं, २५८ अश्वशक्ती. डिझेलला १९७. पण टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर बघा (आकडे न्यूटन-मीटरमध्ये) : डिझेल ४४०, पेट्रोल ४००. एक्स३ मध्ये तर डिझेल ४०० आणि पेट्रोल ३१०. घाटात कामाला येतो तो टॉर्क. पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलात, पुढं उसाचा ट्रेलर आहे आणि उजवीकडं जेमतेम जागा मिळाली, तेव्हा डिझेलवाली नुसता पाय टेकवला की निघते. पेट्रोलवाली आधी गिअर पाडणार, इंजिन ओरडणार, मग निघणार. निघते ती पण, नाही असं नाही. पण त्यात ती ऐट नाही.

मी कास रोडला राहतो, यवतेश्वरचा घाट रोज करतो. माझं मत पक्कं आहे.

अजून_एक_काका

घाटमाथा, तुमचं मत गेल्या दहा वर्षांपासून पक्कंच आहे. दरम्यान इंजिनं बदलली.

जरा मागचं सांगतो. २०१२ साली पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरला तीसेक रुपयांचा फरक होता. म्हणून जो तो डिझेलकडं पळाला. डॉक्टर, तुमची स्विफ्ट त्याच लाटेतली. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि फरक आटत गेला. २०२५ अखेरच्या भावानं पेट्रोल १०५ च्या आसपास आणि डिझेल ९२ धरा. तेरा रुपये. तेरा रुपयांसाठी किती उड्या मारायच्या ते ज्यानं त्यानं ठरवावं.

हळदबाजार

काका, तेरा रुपयांवर थांबू नका, हिशेब पुरा करू. वहीच काढून बसलोय.

पेट्रोल गाडीची शोरूम किंमत ७५ लाख, डिझेलची ७७ धरू. आपल्या राज्यात २० लाखांच्या वरच्या गाडीला स्वतःच्या नावावर घेतली तर पेट्रोलवर १३ टक्के आणि डिझेलवर १५ टक्के कर. म्हणजे पेट्रोलला ९.७५ लाख, डिझेलला ११.५५ लाख. कराचा फरक १.८० लाख, किमतीचा २ लाख. गाडी दारात यायच्या आधीच डिझेलचे ३.८० लाख जास्त गेले. विम्याचा थोडा फरक सोडून देतो.

आता इंधन. पेट्रोल लिटरला १०, डिझेल १४. शहर आणि हायवे मिळून एवढं बरोबर आहे. १२ हजार किमीला पेट्रोल १२०० लिटर, १ लाख २६ हजार रुपये. डिझेल ८५७ लिटर, ७९ हजार रुपये. वर्षाला वाचले ४७ हजार. ३.८० लाख भरून यायला आठ वर्षं लागतील. आठ वर्षं ही गाडी ठेवणार आहात का? वॉरंटी संपल्यावर?

वर्षाला २५ हजार किमी असते तर वाचले असते ९८ हजार, आणि चार वर्षांच्या आत वसूल. तुमच्या वापराला पेट्रोल.

आणि हो, पाच वर्षांत गाडीची किंमत निम्म्यावर येते. त्यापुढं हा सगळा हिशेब म्हणजे हत्ती गेला आणि शेपटाचं मोजमाप. पण विचारलंत म्हणून केलं.

भडंग

हळदबाजार, तुमच्याकडून हळद घेताना काटा नीट बघावा लागणार.

पुणेरी_पाहुणा

कंपन्यांनीच निर्णय घेऊन टाकलाय. ऑडीनं २०२० मध्ये बीएस ६ हे प्रदूषणाचे कडक नियम आल्यावर भारतात डिझेल बंद केलं. व्होल्व्होनं तर जगभरातच बंद केलं, शेवटची डिझेल गाडी २०२४ च्या सुरुवातीला कारखान्यातून बाहेर पडली. दिल्लीत दहा वर्षांच्या वरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं २०१५ सालीच बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. आज दिल्ली, उद्या पुणे. बुडत्या जहाजात ७७ लाख टाकून बसायचं का?

घाटमाथा

साताऱ्यातून दिल्ली १४०० किमीच्या वर आहे. तिथला नियम इथं पोचायला वेळ लागेल, टोलनाके भरपूर आहेत.

कृष्णाकाठ

हिशेब, टॉर्क, दिल्ली, सगळं ठीक आहे. पण डॉक्टरांच्या पोस्टमधली खरी धोक्याची ओळ कुणी वाचलीच नाही : "साडेतीन किमी, रोज चार फेऱ्या."

माझी गोष्ट सांगतो. २०२१ मध्ये एक चांगली महागडी डिझेल एसयूव्ही घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, गाडी वाईट नव्हती, माझा वापर वाईट होता. घर सांगलीत विश्रामबागला, दुकान मार्केट यार्डात, मध्ये चार किमी. सात महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. पहिल्यांदा दुर्लक्ष केलं. मग एक दिवस घरी येऊन गाडी बंद केली तरी पुढचा पंखा घरघरत राहिला, पाच मिनिटं, सात मिनिटं, आणि खालून गरम लोखंडाचा करपट वास. शेजारचे आजोबा बाहेर येऊन म्हणाले, "पाणी टाकू का रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर! ऑइल कमी झालेलं आयुष्यात बघितलं होतं, वाढलेलं पहिल्यांदा बघितलं. कागदाला पुसून वास घेतला तर डिझेलचा.

प्रकार असा असतो. बीएस ६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत एक जाळी बसवलेली असते, डीपीएफ. ती काजळी धरून ठेवते. धरलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, त्यासाठी ती जाळी साधारण ६०० अंशांपर्यंत तापली पाहिजे. हायवेला सलग वीस-पंचवीस मिनिटं चाललात तर ते आपोआप होऊन जातं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. शहरात चार किमीमध्ये ती तापतच नाही. मग गाडीचा संगणक उशिरानं जादा डिझेल सोडून तिला तापवायला बघतो, आणि नेमकी त्याच वेळी तुम्ही गाडी बंद करून दुकानात जाता. ते न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या कडेनं उतरून ऑइलमध्ये मिसळतं. असं महिन्यात दहा वेळा झालं की ऑइल पातळ होतं आणि जाळी गच्च.

सर्व्हिसवाल्यानं सांगितलं, "साहेब, आठवड्यातून एकदा हायवेला मारून आणत जा." मग दर रविवारी सकाळी मी मिरजेवरून रत्नागिरी-नागपूर महामार्गाला लागायचो, कवठेमहांकाळपर्यंत जायचो, चहा प्यायचो आणि परत. बायको विचारायची, कुठं निघालात? गाडीला फिरवून आणतो. लोक कुत्र्याला फिरवतात, मी ऐंशी किलोमीटर गाडीला फिरवायचो. इतकं करून तिसऱ्या वर्षी जाळी बदलायचं अडीच लाखांचं कोटेशन आलं. गाडी विकली. आता पेट्रोल आहे, रविवारी झोपतो.

तुमच्या २०१२ च्या स्विफ्टला ही जाळीच नाही. त्यामुळं "तेरा वर्षं डिझेल वापरतोय, काही त्रास नाही" हा अनुभव इथं धरू नका. नाव तेच, प्राणी वेगळा.

एकच सांगणं : वर्षाचे किलोमीटर मोजू नका, फेऱ्या मोजा. महिनाभर डायरीत लिहा, गाडी किती वेळा सुरू केली आणि इंजिन पुरतं तापायच्या आत किती वेळा बंद केली.

ठोसेघर

कृष्णाकाठ, हे मला एकाही सेल्समननं सांगितलं नाही. आजपासून डायरी सुरू. स्विफ्टमध्येच ठेवली आहे, औषध कंपनीनं दिलेली होती, शेवटी सत्कारणी लागली.

घाटमाथा

डीपीएफचं मान्य. मला रोज घाट असल्यामुळं कधी दिवा लागला नाही, म्हणून लक्षात आलं नाही. मत थोडं सैल करतो.

अजून_एक_काका

नोंद घ्या. घाटमाथा यांनी मत सैल केलं.

काससडा

त्या तापलेल्या जाळीवरून एक महत्त्वाचं. उन्हाळ्यात घाट चढून आल्या आल्या वाळक्या गवतात गाडी लावू नका. खालचा सायलेन्सर किती तापलेला असतो याचा अंदाज नसतो. आमच्या पठाराकडं पावसाळा संपला की सगळं गवत काडीसारखं वाळतं. वणवा लागायला एवढं पुरे.

द्राक्षबाग

डिझेलला युरिया पण लागतो म्हणं? आमच्याकडं गोडाऊनला दोन पोती शिल्लक आहेत. (स्विफ्टचं काय ठरलं?)

कृष्णाकाठ

द्राक्षबाग, हसू नका, एकानं खरोखर केलं होतं! शेतीच्या युरियाला कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं, शिवाय इतर अशुद्धी. ते पाण्यात कालवून ओतलं तर सगळी यंत्रणा बाद. धुरातले घातक वायू कमी करायला गाडीत टाकायचं ते ॲडब्लू म्हणजे शुद्ध युरियाचं ३२.५ टक्क्यांचं द्रावण. वेगळी टाकी, निळं झाकण. सांडलं तर झाकणाभोवती पांढरी खडीसाखर जमते, ओल्या फडक्यानं पुसायची. आणि ते संपत आलं की गाडी सांगायला लागते, अमुक किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. ती धमकी नसते, खरोखर होत नाही.

गलाईवाला

आम्ही खानापूर तालुक्यातले, गलाईचा म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचा धंदा, सध्या मुक्काम कोईम्बतूर. गावच्या यात्रेला आणि दिवाळीला गाडीनंच येतो. एका बाजूला हजारेक किलोमीटर. पहाटे चारला निघायचं, सेलम, बेंगळुरू, चित्रदुर्ग, हुबळी करत रात्री कोल्हापूरला जेवायला. माझ्याकडं २.८ ची डिझेल फॉर्च्युनर आहे आणि भावाकडं जर्मन पेट्रोल एसयूव्ही. एकत्रच निघतो. भावाची गाडी माझ्यापेक्षा गुळगुळीत, आत आवाज नाही, मुलं झोपून येतात. पण तो दोनदा टाकी भरतो आणि माझं एकदाच भरलेलं पुरतं. टाकी भरायला थांबलं की पोरं उठतात, पोरं उठली की अर्धा तास गेला. आमच्यासाठी डिझेलचा खरा फायदा हा आहे, पैशाचा नाही.

आमच्या गावात यात्रेच्या दिवशी येऊन बघा. मद्रास, केरळ, आंध्र, पंजाब, सगळ्या पासिंगच्या गाड्या देवळामागच्या माळावर लागलेल्या असतात. निम्म्याच्या वर डिझेल. लांबचा पल्ला असला की माणूस डिझेलच घेतो.

मिरजेचा_तंबोरा

गलाईवाले, अवांतर : तुमची दिवाळीतली गर्दी आम्ही कर्नाटक हद्दीतल्या निपाणीच्या पंपावर बघतो. सगळे तिथंच टाक्या भरून घेतात. आम्ही पण.

ऊसवाला

पेट्रोल घ्या म्हणणाऱ्यांनी इथेनॉलचा विचार केला का? आता पंपावर येतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणजे २० टक्के मिसळलं की हिशेबानं लिटरमागं सहा-सात टक्के ऊर्जा कमी. तुमचा लिटरला १० चा आकडा खाली येणार. अर्थात आमची तक्रार नाही. कारखान्याच्या डिस्टिलरीत जातो तो आमचाच ऊस. तुम्ही पेट्रोल गाडी घेतली तर आमचं बिल वेळेवर निघायची आशा वाढते. घ्या पेट्रोल.

भडंग

बिल वेळेवर? कुठला कारखाना म्हणे?

ऊसवाला

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

हळदबाजार

ऊसवाल्यांचा मुद्दा रास्त आहे, पण मी धरलेला १० चा आकडा लोकांनी सध्याच्या पेट्रोलवर काढलेलाच आहे, म्हणून दुसऱ्यांदा वजा करू नका. नव्या गाड्या २० टक्क्यांसाठी बनवलेल्या असतात. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काय लिहिलंय ते घेण्याआधी वाचावं. जुनी पेट्रोल गाडी सेकंडहँड घेणाऱ्यांनी जास्त काळजी घ्यावी.

वीजबिल

२०२६ च्या उंबरठ्यावर डिझेल की पेट्रोल? इलेक्ट्रिक घ्या की!

अजून_एक_काका

आला. प्रत्येक धाग्यात येतो. बस बाबा, चहा घे. विषय डिझेल की पेट्रोल आहे.

वाळवेकर

पुरात कुठली बरी? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या तीन गाड्या छपरापर्यंत होत्या. लोक म्हणतात डिझेलला स्पार्क प्लग नसतो, म्हणून पाण्यात चालते.

कृष्णाकाठ

वाळवेकर, हा गैरसमज पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. हवा ओढायच्या तोंडातून पाणी आत गेलं की दोन्ही सारखेच मरतात. हवेसारखं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो. डिझेलमध्ये दाब जास्त, म्हणून मोडतोड उलट जास्तच. गाडी पाण्यात बंद पडली तर परत चावी फिरवायची नाही, ढकलून बाहेर काढायची. आणि विम्यात इंजिन संरक्षणाचं जोड कलम घेतलंय का बघा. सांगलीत राहून ते न घेणं म्हणजे कृष्णामाईला उलटं आव्हान.

शेंगदाणा

माझा किस्सा थोडक्यात. नवी डिझेल गाडी, तिसरा दिवस, एका पंपावर फोनवर बोलत होतो, पोरानं पेट्रोल भरलं. २२ लिटर. डिझेलचा नळ जाड असतो, तो पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा जात नाही. पेट्रोलचा बारीक, तो डिझेलच्या टाकीत सहज जातो. म्हणजे ही चूक डिझेलवाल्यांच्याच वाट्याला. नशीब, पावती बघून कळलं आणि चावी फिरवली नाही. टाकी उतरवून साफ करून घेतली. चालू केली असती तर पंप आणि इंजेक्टर गेले असते. तेव्हापासून पंपावर खाली उतरून उभा राहतो आणि मोठ्यानं "डिझेल" म्हणतो. लोक बघतात. बघू देत.

ठोसेघर

एक महिना झाला. डायरी उघडतो.

गाडी एकूण १३१ वेळा सुरू केली. त्यातल्या ११८ वेळा पाच किमीच्या आत बंद. दवाखाना, जेवण, भाजी, बँक, एकदा तर समोरच्या सोसायटीत पेशंट बघायला गाडीनं गेलो होतो, त्याची लाज वाटली. सलग पंधरा किमीच्या वर फक्त नऊ फेऱ्या, त्यातल्या चार पुण्याच्या.

कृष्णाकाठ, तुमच्या सांगण्यावरून उत्तर सरळ दिसतंय. पेट्रोल. परवा जाऊन बुकिंग करतो. सगळ्यांचे आभार.

भडंग

पेढे?

कोयनामाई

थांबा डॉक्टर. सगळा धागा वाचला, माहिती मोलाची आहे. पण एक विचारते. गाडी फक्त तुम्हीच चालवणार आहात का? वहिनींबद्दल अख्ख्या धाग्यात एकच ओळ आहे, ती पण रंगाची. डायरीत लिहिल्या त्या तुमच्या फेऱ्या. त्यांच्या कुठं आहेत?

घाटमाथा

+१. आता बोला.

ठोसेघर

कोयनामाई, तुमची पोस्ट मी मोठ्यानं वाचली. चूक झाली. की बरोबर झालं, ठरत नाही.

सौ. कराडला कॉलेजमध्ये केमिस्ट्री शिकवते. साताऱ्याहून चौघीजणी मिळून एकीच्या गाडीनं जातात, गेली नऊ वर्षं. मी ते कधी मोजलंच नाही, कारण त्या गाडीत डिझेल मी भरत नाही. वाचून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "जूनमध्ये दोघी रिटायर होतायत, तिसरीची बदली झाली. जूनपासून मी कशी जाणार, हे तुम्ही विचारलं नाही." मग म्हणाली, "नवी गाडी मी घेऊन जाईन. तुम्हाला साडेतीन किलोमीटरला काय करायचीय ती? स्विफ्ट आहे की."

सातारा ते कराड पन्नासेक किमी, सगळा हायवे. येऊन-जाऊन शंभर. महिन्याला वीस दिवस.

आणि ॲडब्लूचा परिच्छेद वाचून मला म्हणाली, "युरियापासून अमोनिया, अमोनियामुळं नायट्रोजनच्या ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी. एसवायच्या पोरांना शिकवते. तुम्ही त्या निळ्या झाकणाची काळजी करू नका."

कोयनामाई

वहिनींना नमस्कार सांगा.

हळदबाजार

वही परत काढली. कॉलेजच्या सुट्ट्या वजा करून कराडचे २० हजार किमी, तुमचं पुणे-कोकण मिळून ८ हजार, एकूण २८ हजार. पेट्रोल २८०० लिटर, २.९४ लाख. डिझेल २००० लिटर, १.८४ लाख. वर्षाला १ लाख १० हजारांचा फरक. ते ३.८० लाख साडेतीन वर्षांत सुटतात. पुढचं सगळं नफ्यात. मी माझं मत बदलतो, डिझेल.

टोलचा एक मुद्दा राहिला. रोज जाता-येता तासवडे नाका लागणार. वार्षिक फास्टॅग पास सुरू झाला तेव्हा ३ हजार रुपयांत २०० फेऱ्या होत्या. महिन्याला चाळीस वेळा नाका ओलांडला की पाच महिन्यांत पास संपतो. वर्षाला दोन पास धरून चला. तरी एकेका टोलच्या मानानं स्वस्तच.

कृष्णाकाठ

वहिनींच्या वापराला जाळी कधी तुंबायची नाही. रोज दोनदा पन्नास किमी हायवे म्हणजे डीपीएफची चैन आहे. फक्त डॉक्टरांनी संध्याकाळी ती गाडी उचलून पोवई नाक्यावर भाजी आणायला जायचं नाही. ऑइलची पट्टी महिन्यातून एकदा सकाळी गार इंजिनवर बघायची. खुणेच्या वर दिसली तर मला इथंच विचारा.

पुणेरी_पाहुणा

बुडतं जहाज आहे हे माझं मत कायम. पण शंभर किलोमीटर रोज असेल तर बुडायच्या आत कराडला पोचाल.

गलाईवाला

लई भारी. वहिनींना सांगा, यात्रेला या, गाडी माळावर लावायला जागा ठेवतो.

ठोसेघर

काल दोघं जाऊन आलो. टेस्ट ड्राइव्ह सौ.नंच घेतली. साताऱ्यातून उंब्रजपर्यंत आणि परत. मी मागं बसलो होतो, सेल्समन पुढं. त्यानं टॉर्क, मोड, मसाज सीट सगळं सांगून झालं. तिनं एकच प्रश्न विचारला : सकाळी सव्वासातला थंडीत काच किती वेळात साफ होते? त्याला माहीत नव्हतं. खाली उतरून फोन करून विचारून आला.

डिझेल एक्स३ बुक केली. पांढरा रंग तिनं नाकारला. म्हणाली, पांढरी एवढी मोठी गाडी घेऊन गेटमधून आत आले तर वॉचमन सलाम ठोकेल आणि प्रिन्सिपॉल बाहेर येऊन बघतील कुठला साहेब आला. गडद निळी घेतली. मेव्हण्याचा फोन आला होता, "मी पहिल्यापासून डिझेलच म्हणत होतो." त्यानं का म्हटलं होतं ते मी त्याला विचारलं नाही.

भडंग, कंदी पेढे गाडी आल्यावर.

अजून_एक_काका

अभिनंदन डॉक्टर, आणि बाईंचं जास्त. मी विचारणार होतो कर्ज काढलं की रोख, पण तो वेगळा धागा होईल.

द्राक्षबाग

म्हणजे स्विफ्ट विकायची नाहीच?

ठोसेघर

नाही हो.